त्रेचाळीस सह्यांचं एक पत्र

मला बोलायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको. एकतीस वर्षं मी मोंतेविदेओच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. कानाला यंत्र लावून, तोंड मिटून. निवृत्त झाल्यावर माझी पाळी आली आणि मी ती घेतली, तर त्यात कोणाच्या पोटात का दुखावं?

पण दुखलं. दुखलं ते परिषदेच्या पगारी माणसांच्या पोटात.

परिषद म्हणजे आपल्या उरुग्वाय देशातल्या वेबसाइटींची नावं बघणारी संस्था. कोणाला कुठलं नाव द्यायचं, कधी काढून घ्यायचं, दोघं एकाच नावावर हटून बसले तर काय करायचं, हे सगळं तिथे ठरतं. हे नियम जनतेला विचारून करायचे असा कायदाच आहे, म्हणून तिथे आम्ही आहोत. आम्ही म्हणजे त्रेचाळीस स्वयंसेवक. निवृत्त मास्तर, दोन दंतवैद्य, एक दूधवाला, चार-पाच वकील आणि मी, झुल्मा एचेवेर्री. कर्मचारी अकरा. त्यांच्याकडे टेबलं आहेत, आमच्याकडे मतं आहेत. ते 'स्वयंसेवक' हा शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, डासांसाठी खिडकीला जाळी बसवायची वेळ झाली. त्यांच्या गळ्यात फोटोचं निळं ओळखपत्र असतं, आमच्या छातीवर पिवळा कागद चिकटवतात आणि त्याचा गोंद लोकरीच्या स्वेटरवरून जन्मात निघत नाही. मध्यंतरी बैठकीच्या बिस्कोचोंच्या, म्हणजे छोट्या गोड पावांच्या, ताटाजवळ 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी लागली होती. त्यावर आमच्या ईमेल-यादीवर एकशे बारा मेल फिरल्या. पाटी गेली. बिस्कोचोही गेले.

तरी आम्ही टिकून होतो ते खुल्या तासासाठी. दर तीन महिन्यांनी एक तास सभागृहाचं दार सगळ्यांना उघडं. कोणीही यावं, माईकसमोर उभं राहावं, दोन मिनिटं बोलावं. समोर अध्यक्ष आणि मंडळाचे सहा जण बसलेले, आणि त्यांना उठून जायची परवानगी नाही. अहो, या देशात मोठ्या माणसांना तासभर खुर्चीत बसवून ऐकवायची सोय दुसरीकडे कुठे आहे? एकोणीस वर्षांत मी एक तास चुकवला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस चुकवला, तास नाही.

आणि मग मिकाएला साराझोला आली. वय एकतीस, हुद्दा सहभागप्रमुख. सहभागालाही प्रमुख असतो हे ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. तिने पहिल्याच बैठकीत पडद्यावर एक रंगीत गोल दाखवला: वर्षभरात खुल्या तासात कोण किती बोललं. निम्म्याहून जास्त गोल जांभळा होता. हा जांभळा रंग कोणाचा, असं अध्यक्षांनी विचारलं. मिकाएला खाली बघायला लागली आणि सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं.

तिचा प्रस्ताव असा की खुला तास बंद करायचा आणि त्याऐवजी वेबसाइटवर एक फॉर्म ठेवायचा. कोणीही, कुठूनही, कधीही लिहावं आणि परिषदेने वीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ऐकायला किती गोड! पण लेखी उत्तर देणाऱ्याचं तोंड दिसत नाही. माईकसमोर माणूस उभा राहिला की अध्यक्षांची मान खाली जाते ती दिसते, आणि त्या मानेसाठीच मी येत होते. तास गेला की आम्ही गेलो, हे मला लख्ख दिसत होतं. त्या दिवशी मी माझी दोन मिनिटं घेतली, दंतवैद्यांची चार घेतली आणि आन्सेल्मोचीही दोन घेतली.

आन्सेल्मो तेचेरा माझ्या शेजारी बसतो. पहिल्या वर्षापासून. तो रिवेराकडचा, अगदी ब्राझीलच्या हद्दीवरचा, अकॉर्डियन दुरुस्त करतो. सात तास बसने येतो, काखेत गरम पाण्याची बाटली, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला. बैठकभर रांगेतल्या सगळ्यांना तो येर्बा भरून देतो आणि अवाक्षर बोलत नाही. म्हणून त्याच्या वतीने मी बोलते. हद्दीवरच्या खेड्यांत इंटरनेट हळू चालतं, हे त्याचं दुखणं मी एकोणीस वर्षं लावून धरलं. दरवेळी मी शेवटी म्हणते, "आन्सेल्मोचंही हेच म्हणणं आहे," आणि तो मान हलवून माझ्या पेल्यात पाणी ओततो.

प्रस्तावावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. आम्ही ठरवलं, एकच पत्र द्यायचं, पण असं की त्यांनी हादरून जावं. आमच्याकडे रीत आहे की एकमत झाल्याशिवाय कागद बाहेर जात नाही, आणि एकमत म्हणजे एकमत, कोणाची कुरकुरसुद्धा शिल्लक नको. सहा आठवडे लागले. सातशे मेल झाल्या. 'निषेध करतो' म्हणायचं की 'चिंता वाटते' यात अकरा दिवस गेले. साल्तो गावच्या वकिलाला जिथे तिथे 'आदरपूर्वक' घालायचं होतं. काही जणांचं थोडं वेगळं म्हणणं होतं, त्यांना मी फोन केले. माझ्या फोनपुढे फारसं कोणी टिकत नाही. दूधवाल्याने पाऊण तास किल्ला लढवला, मग म्हणाला, "बाई, गाई खोळंबल्यात, घाला माझं नाव." आमच्यात एरिबेर्तो नावाचे दोघं आहेत, ते दोन्ही एरिबेर्तो गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते, त्यांनी खाटेवरून सही केली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पत्र पाठवलं त्या दिवशी मी स्वतःसाठी क्रीमची पेस्ट्री आणली आणि अख्खी खाल्ली.

आठवड्याने परिषदेचा अहवाल आला. एकूण सूचना बारा. प्रस्तावाच्या बाजूने अकरा. विरोधात एक.

मी तीन वेळा वाचलं. अकरा सूचना म्हणजे नावं विकणाऱ्या अकरा कंपन्या. आणि ती 'एक' म्हणजे आम्ही. त्रेचाळीस माणसं, सहा आठवडे, सातशे मेल, दोन एरिबेर्तोंचे गुडघे, हे सगळं मिळून एक.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात हजर. मिकाएला आली, मला बघून तिचा चेहरा पडला, पण पोरीने खुर्ची दिली हे कबूल करते. मी बसले नाही. म्हटलं, अगं पोरी, तुला मोजता येतं का? एक्स्चेंजमध्ये अशी मोजणी केली असती तर मला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं. ही लबाडी आहे, हा आमचा आवाज दाबायचा डाव आहे, आणि मी आजच वर्तमानपत्रात जाते. मी बरंच काही म्हटलं. माझा दम संपल्यावर तिने कपाटातून नियमांची जुनी फाईल काढली आणि एक पान माझ्यासमोर ठेवलं.

नियम चौदा. एकच मजकूर कितीही जणांनी सही करून पाठवला, तरी ती एकच सूचना धरावी. खाली लिहिलेलं होतं: नियम सुचवणारी, झुल्मा एचेवेर्री.

आता मात्र मी बसले. आठवलं सगळं. बारा वर्षांपूर्वी एका नावं विकणाऱ्या कंपनीने एकच पत्र सहाशे वेळा पाठवलं होतं. त्यांचे कारकून, कारकुनांच्या बायका, त्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर, सगळ्यांच्या सह्या. तेव्हा त्यांना चांगली अद्दल घडवायची म्हणून मीच हा नियम भांडून भांडून पास करून घेतला होता. कंपनीचा मालक सभागृहात पांढरा पडला होता आणि मला टाळ्या पडल्या होत्या.

"मला तो मोडता येत नाही, झुल्माबाई," मिकाएला म्हणाली. "आणि खरं सांगू का, नियम चांगला आहे."

"चांगला आहे ते मला सांगू नकोस. मीच केलाय."

मग तिने मला पाणी दिलं आणि सांगितलं की चूक दुरुस्त करायला शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत वेगळं लिहिलं, तर ती एकेक मोजेल. कुठे लिहायचं, असं मी विचारलं. तिने मान खाली घातली. फॉर्मवर, म्हणाली. फॉर्म कालच चालू झालाय.

म्हणजे फॉर्म नको हे सांगायला आता फॉर्मच भरायचा. मी उठले आणि घरी येऊन फोनला चिकटले.

बेचाळीस फोन. प्रत्येक जण एकच विचारी, "काय लिहू?" आणि मी सवयीने सांगायला लागे. तिसऱ्या फोनला माझी जीभ चावली मी, कारण सगळ्यांनी माझेच शब्द लिहिले तर पुन्हा त्रेचाळीसाचे एक! मग माझ्या आयुष्यात मी कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट मला बेचाळीस वेळा सांगावी लागली. "तुला काय वाटतं ते लिही." साल्तोचा वकील चाचरत म्हणाला, "नक्की ना, झुल्माबाई?" आन्सेल्मो नेहमीप्रमाणे "बरं" एवढंच म्हणाला.

सूचना आल्या आल्या वेबसाइटवर दिसत होत्या. मी येर्बाचा पेला घेऊन स्क्रीनसमोर बसले, विजयाच्या तयारीने. आणि काय सांगू तुम्हाला!

पाइसांदूची दंतवैद्य म्हणाली तास राहावा, तेवढीच घराबाहेर पडायला सबब मिळते. दोन एरिबेर्तोंनी तासाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, खुर्च्यांबद्दल दीड पान लिहिलं. दूधवाला म्हणाला, फॉर्म झकास आहे, खुल्या तासाच्या वेळेला आमच्याकडे धारा काढतात, गेल्या नऊ वर्षांत मी फक्त दोनदा येऊ शकलो. साल्तोच्या वकिलाने आदरपूर्वक, अत्यंत आदरपूर्वक कळवलं की खुल्या तासात त्याचा नंबर लागेपर्यंत घंटा होते आणि याचं कारण सर्वांना माहीत आहे. सर्वांना माहीत आहे म्हणे! अजून तिघांनी तसंच लिहिलं, दोघांनी माझं नाव घेऊन. गुरुवारी संध्याकाळपर्यंत विरोधात सतरा, बाजूने चौदा आणि खुर्च्यांची एक. सही करताना ही चौदा माणसं कुठे होती? माझ्याशी फोनवर होती. हे माझं मलाच कळलं आणि मी चडफडत स्क्रीन बंद केला.

तरी कंपन्यांच्या अकरा सोडल्या तर आमच्यात सतरा म्हणजे जास्त. माझी स्वतःची सूचना अजून जायची होती, दोन पानं, एकेक वाक्य विळ्यासारखं धार लावलेलं. आणि आन्सेल्मोची यायची होती. ती आपल्या बाजूची म्हणून मी मोजूनही टाकली होती.

शुक्रवारी सकाळी आली. हद्दीवरची माणसं निम्मं पोर्तुगीज मिसळून बोलतात, आणि आम्ही राजधानीची माणसं ते ऐकून गालातल्या गालात हसतो, ही इथली जुनी खोड आहे. आन्सेल्मोने जसं तो बोलतो तसंच लिहिलं होतं.

"जसं बोलतो तसं लिवतोय, कुणी सुधारू नये. मी एकोणीस वरसं येतोय. पयल्या वरशी माईकम्होरं उभा ऱ्हायलो आन तीन वाक्यं बोललो. सगळी हसली. माझ्या बोलन्याला हसली, प्रश्न कुणी ऐकलाच न्हाय. झुल्माबाईबी हसल्या. मंग त्यांनी माईक घेतला आन म्हनाल्या, याला म्हनायचंय की खेड्यात इंटरनेट हळू हाय. तवापासनं त्येच माझं म्हननं झालं. बाई मनानं लई चांगल्या हायत, म्हनून मी कदी काय बोललो न्हाय. पर आमच्याकडं इंटरनेट हळू न्हाय. चांगलं पळतंय.

माझा प्रश्न असा व्हता. दोन देशांची हद्द माझ्या अंगणातनं जाती. दुकान उरुग्वायात हाय, संडास ब्राझीलात हाय. गिऱ्हाईक दोन्हीकडचं. वेबसाइटीला नाव कुठल्या देशाचं घ्यावं? इथलं घ्यावं तर मी निम्मा दिवस परदेशात असतो, त्यात म्हातारपणी पोट बिघडलं तर जास्तच. आमच्याकडं अशी घरं लई हायत. त्यांच्यासाठी काय नियम करता येतोय का, येवढंच विचारायचं व्हतं. तास ऱ्हाऊ दे न्हायतर जाऊ दे, ज्यांना बोलाय येतंय त्यांनी ठरवावं. मला फारम पायजे."

मी त्याला वाचवलं, अशी गोष्ट मी एकोणीस वर्षं सांगत आले. नातवंडांना सांगितली, वर्तमानपत्राच्या माणसाला सांगितली. बिचारा अडखळला आणि मी धावून गेले, अशी. मी हसले होते हे माझ्या गोष्टीत कुठेच नव्हतं. पण त्याने लिहिलं आणि ते हसणं मला ऐकू आलं, माझंच, सभागृहभर जाणारं. लाजेने माझे कान तापले. त्याला फोन करावा म्हणून चारदा हातात घेतला. एकतीस वर्षं देशभराचे फोन जोडले, आणि हा एक लावता येईना.

पाचाला दहा मिनिटं असताना मी माझी दोन पानं तशीच ठेवली आणि फॉर्मवर एक ओळ लिहिली: आन्सेल्मो तेचेराची सूचना वाचा. मिकाएलाचा लगेच फोन. ही बाजूने धरायची की विरोधात?

"मला माहीत नाही, पोरी," मी म्हटलं. "तू ठरव."

मला वाटतं, तिला वाटलं मी आजारी आहे.

निकाल आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. फॉर्म आला. तास अर्ध्यावर आला आणि कोणालाही दुसऱ्याची मिनिटं घेता येणार नाहीत असा नियम झाला. तो नियम कोणी सुचवला ते विचारू नका. अर्धा तास गेला म्हणून मी रडले का? हो, घरी जाऊन रडले थोडी. पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारच्या बैठकीचं, ठराव व्हायच्या आधीचं.

आन्सेल्मो आला, नेहमीसारखा शेजारी बसला, येर्बा भरून दिली. मी ती खाली मान घालून प्यायले. खुल्या तासाची घंटा झाली, अध्यक्षांनी पहिलं नाव माझंच घेतलं. मी माईकशी गेले आणि काय करावं सुचेना म्हणून नको तेच केलं. म्हटलं, आज आन्सेल्मो स्वतः बोलेल. ये रे आन्सेल्मो!

तो जागचा हलला नाही. पेला मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाला, "मी लिवलंय की, झुल्मा."

सभागृह माझ्याकडे बघत होतं. मग मी विचारलं, "त्याने लिहिलेलं कोणी कोणी वाचलंय?"

मंडळाच्या टेबलावर एकही हात वर गेला नाही. ते अपेक्षितच होतं. पण आमच्या बाजूलाही एक हात वर नाही. सहभाग, सहभाग म्हणून घसा कोरडा करणारे आम्ही तीस जण तिथे बसलो होतो. प्रत्येकाने स्वतःचं लिहिलं होतं, आणि स्वतःचं छापून आलं का तेवढं बघितलं होतं. एकच हात वर होता, निळ्या ओळखपत्राचा. मिकाएलाने सगळ्याच्या सगळ्या वाचल्या होत्या, खुर्च्यांचं दीड पानसुद्धा.

"मग माझ्या दोन मिनिटांत वाचा," मी म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

लोकांनी फोन काढले. दोन एरिबेर्तोंना चष्मा सापडेना, तो मिकाएलाने टेबलाखालून काढून दिला. अध्यक्षांनी नाक वर करून, हात लांब धरून वाचायला घेतलं. खुल्या तासात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दोन मिनिटं झाली तरी मिकाएलाने घंटा वाजवली नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कोणी हसलं, मग दंतवैद्य, मग खुद्द अध्यक्ष खांदे हलवत हसायला लागले. आन्सेल्मोकडे बघायचं धाडस मला होईना. शेवटी बघितलं. तो मान उंच करून एकेक रांग न्याहाळत होता, कोण कुठवर पोचलंय ते.

"संडासापाशी आली मंडळी," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तिथं हसायचंच हाय."